बासरी: सकाळची पहिली दहा मिनिटं काय वाजवता?

पोकळबांबू
दीड वर्ष झालं, ई स्केलची बासरी (पांढरी तीन, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सा) शिकतोय. ऑफिसच्या आधी जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात. तानपुरा ॲप लावतो आणि थेट मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरतो. पहिली पंधरा मिनिटं नुसती फुसफुस, मध्येच सूर टुणकन वरच्या सप्तकात. संध्याकाळी तोच पंचम बरा लागतो. गुरुजी महिन्यातून दोनदाच भेटतात. तुम्ही सुरुवात कशी करता? क्लॅरिनेट, सॅक्सोफोनवाल्यांनीही सांगा.

सांजमारवा
पंचमापासून सुरुवात करूच नका. सहाही भोकं बंद, म्हणजे सहाही बोटांच्या चुका एकाच सुरात, कळणार काय? मी मध्य सा धरते, वरची तीन बंद. एक श्वास, एक सूर, न फुगवता. तो भरला की चौथं बोट ठेवून मंद्र नी, मग ध, शेवटी प. सा जितका भरीव तितकाच पुढचा सूर लागला पाहिजे. नाही लागला तर खाली उतरायचं नाही, एक पायरी परत वर. चोरही यातच सापडतो: ध स्वच्छ आणि प फाटका, तर शेवटचं बोट. नी लाच बिघडलं, तर चौथं.

माझी वीस मिनिटं यातच जातात. मग एकच अलंकार (स्वरांचा ठरावीक पलटा), सारेग रेगम, मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके). आधी मात्रेला एक स्वर, मग दुगुन, म्हणजे दोन. चौगुनीचा मोह सकाळी नको.

जुनीखोड
आमच्याकडे खर्जापासूनच (खालच्या गंभीर सुरांपासून) सुरुवात, चहासुद्धा नंतर. बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब बासरी मैफलीत आणली ती त्या गंभीर आवाजासाठीच ना? तो चुकवून कसं चालेल?

सांजमारवा
काका, चुकवत नाहीये हो. तिथे जायची वाट फक्त बदलली.

वरातीतला_क्लॅरिनेट
आमच्यात आधी रीड (तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी) ओली करायची, मग खालच्या पट्टीत लांब सूर. थंड वाद्य सुरात उतरलेलंच असतं. आतली हवा एका अंशाने गार झाली की साधारण ३ सेंट फरक (अर्धस्वराचे १०० सेंट). त्यामुळे डिसेंबरात पहाटे तानपुऱ्याशी भांडू नका. भोकं झाकून आत दोन-चार उबदार श्वास सोडा. उन्हात मात्र ठेवू नका, मी एक बांबू असाच तडकवलाय. आणि लांब सुरांनी गरगरलं तर सरळ थांबा.

पोकळबांबू
आठवडा केलं. ताईंचं बरोबर निघालं, ध पर्यंत सगळं ठीक, प ला घोळ. वाजवून झाल्यावर बोटं पाहिली: पाच बोटांवर भोकाचा पूर्ण गोल वळ, शेवटच्या अनामिकेवर फक्त अर्धी कोर! टोकाने झाकत होतो. आता पेराचा मांसल भाग ठेवतो, मनगट किंचित बाहेर. पंचम सात सेकंद टिकतोय. पण वर उडी मारणं चालूच.

सांजमारवा
ती चूक बोटांची नाही, फुंकेची. गरम चहावर मारतो तशी जोरात जात असणार. आरशावर वाफ धरतो त्या मऊपणाकडे आणा, ओठ सैल. आणि हे सा वरच जमवा आधी, प वर नाही.