मदत हवी आहे: खिडकीची झडप खाली बसली, सगळी खिडकी बदलावी का?

नमस्कार मंडळी. 7 वर्षांपूर्वी लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), दुहेरी काचेच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या. पहिली काही वर्षं सुखाची गेली. आता बेडरूमची रुंद झडप खाली आली आहे. बंद करताना कोपरा चौकटीला घासतो, हाताने उचलून धरली तरच हँडल फिरतं. फ्रिक्शन स्टेचे (झडप पेलणाऱ्या, बिजागरीचं काम करणाऱ्या धातूच्या पट्टीचे) स्क्रू आवळले, त्या पट्टीतली धूळ काढली, फरक नाही. कोपऱ्यातलं रबर आखडलंय, तिथून वारा शिरतो. शेजारच्या खिडकीत दोन काचांच्या मध्येच बाष्प धरतं, म्हणजे तिचं सील गेलंय. बसवणारे म्हणतात, सगळंच बदला. मला पटत नाही, चौकटी ठणठणीत आहेत. नुसते स्टे, रबर आणि ती काच बदलून कुणाचं काम भागलंय का? स्टे घेताना लांबीशिवाय काय मोजायचं?