मदत हवी आहे: रविवारच्या उपासनेत सरकारसाठी प्रार्थना नेमकी कशी करावी?

सगळ्यांना सलाम.

मी कोल्हापूरची. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारची मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागायची, प्रार्थना चालवायचं काम दोन महिन्यांपासून माझ्याकडे आलं आहे. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, ज्यांच्या घरी दुःख झालंय ती कुटुंबं, यांच्यासाठी मागताना मला शब्द शोधावे लागत नाहीत. ती माणसं समोरच्या बाकावर असतात. माझं अडतं ते एकाच ठिकाणी, राज्यकर्त्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करताना. त्याबद्दल मला खरोखर मदत हवी आहे.

माझ्याआधी आमच्या एका वडीलधाऱ्या काकांनी हे काम वीसेक वर्षं केलं. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "आमच्या देशाचे राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि सर्व लहानथोर अधिकारी यांना सुबुद्धी दे." मी ते लहानपणापासून ऐकत आले. इतकं पाठ झालं होतं की ते कानावर पडायचं आणि मन मात्र दुसरीकडेच असायचं. म्हणून मी ठरवलं, आपण हे मनापासून करायचं. पहिल्याच रविवारी मी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची नावं घेऊन प्रार्थना केली.

उपासना सुटल्यावर फाटकापाशी मंडळीतल्या एका दादांनी थांबवलं. "ताई, आजारी माणसाचं नाव घे, पुढाऱ्याचं नको. हितं सगळ्या पक्षांची माणसं बसत्यात. उद्या कोन तरी म्हनंल, ह्या चर्चचा अमक्याला पाठिंबा हाय." त्यांचं म्हणणं मला पटलं. पुढच्या रविवारी तो भागच मी गाळला. तर आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, आज राजासाठी मागितलं न्हाईस." त्या अजून 'राजा'च म्हणतात. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा त्या लहान होत्या, पण घरातला शब्द तोच राहिला.

एवढंच असतं तर मी पाळकसाहेबांना विचारून मोकळी झाले असते. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला चर्चमध्ये बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते.

जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या घरात खिडकीच्या गजापर्यंत पाणी होतं. आम्ही चार दिवस निवारा केंद्रात, एका शाळेच्या वर्गात काढले. परत आलो तेव्हा आईचं पवित्र शास्त्र (बायबल) फुगून दुप्पट जाड झालं होतं. गच्चीवर दगड ठेवून एकेक पान सोडवत वाळवलं. तीमथ्याच्या पत्रांची पानं आजही गाळाने तपकिरी आहेत, हात लावला की कडा भुगा होऊन पडते. आम्ही शाळेत होतो त्याच काळात पंचनाम्याची माणसं गल्लीत येऊन गेली. आमच्या दाराला कुलूप, म्हणून यादीत घर नाही. त्यानंतर एका कार्यालयात मी सात हेलपाटे घातले. टेबलामागच्या माणसाने सातही वेळा मान वर केली नाही. "यादीत नाव नाही" एवढंच तो कागदाकडे बघून म्हणायचा. अनुदान मिळालं नाही ते नाहीच.

आता मी "सर्व अधिकारी" म्हणते तेव्हा मला ती खाली घातलेली मानच दिसते. तोंडाने "आशीर्वाद दे" म्हणायचं आणि पोटात राग ठेवायचा, हे देवासमोर खोटं आहे. आणि १ तीमथ्य २:१-२ मधली आज्ञा तर स्पष्ट आहे, राजांसाठी आणि सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा.

तर मला विचारायचंय ते असं. नाव घ्यावं की पद? ज्याच्या कारभारावर राग आहे त्याच्यासाठी काय मागायचं? आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्याने जे केलं ते ठीक होतं असं म्हणणं होतं का? कुणी मंडळीत हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

ताई, सलाम. मी पंधरा वर्षं तरुण संघात शास्त्राभ्यास घेतो. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचं त्याच्यावरच उभं आहे.

ही पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलाने हे कुणाच्या राज्यात लिहिलं ते बघा. रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नेरो होता. त्याची कारकीर्द इ.स. ५४ ते ६८. तीमथ्याचं पहिलं पत्रही परंपरेने त्याच सुमाराचं धरतात. हाच तो सम्राट, ज्याने इ.स. ६४ च्या रोमच्या आगीचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं आणि त्यांचे हालहाल केले. म्हणजे "चांगल्या राजासाठी प्रार्थना करा" अशी ही आज्ञा नव्हतीच. प्रार्थना म्हणजे प्रशस्तिपत्र असतं तर त्या पिढीला ती करताच आली नसती.

दुसरं. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीने एक रेघ फार स्पष्ट ओढली होती. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला ते तयार नव्हते. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा सुभेदार सम्राट ट्राजानला पत्र लिहून कळवतो की मी संशयितांची अशीच परीक्षा घेतो आणि जे धूप जाळतात त्यांना सोडतो, कारण खरे ख्रिस्ती हे करत नाहीत. आणि इ.स. १९७ च्या आसपास तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक उघडपणे लिहितो की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, सुरक्षित राज्य, इमानी सल्लागार मंडळ आणि शांतता मागतो. सम्राटाकडे मागायचं नाही, सम्राटासाठी मागायचं. एवढ्या एका फरकासाठी माणसांनी जीव दिलाय.

आणि जुन्या करारातला यिर्मया २९ वाचा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला धरून नेलेल्या लोकांना संदेष्टा पत्र पाठवतो: ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी परमेश्वराला विनंती करा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. ज्यांची घरं गेली त्यांना, ज्यांनी ती घेतली त्यांच्या शहरासाठी प्रार्थना करायला सांगितलंय. तुमच्या पुराच्या गोष्टीवर माझ्याकडे याहून जवळचं काही नाही.

प्रतिसाद: वसईकर

आम्ही कॅथलिक. गुड फ्रायडेच्या उपासनेत आमच्याकडे दहा गंभीर प्रार्थना असतात, त्यांतली नववी सार्वजनिक अधिकारपदावर असणाऱ्यांसाठी. नाव नाही, पद. सरकार बदललं तरी प्रार्थना तीच. माझ्या वडिलांना हे फार महत्त्वाचं वाटायचं. त्यांनी ज्याला कधीच मत दिलं नाही त्याच्यासाठीही ते गुडघ्यावर असत. तुमच्या दादांची भीती खरी आहे, पद घ्या.

प्रतिसाद: बंधारा

मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरचा आहे आणि पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून लिहावंसं वाटलं. चूक वाटली तर सोडून द्या.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. पण बाकीचं सगळं आपोआप होत नाही. कुठून किती पाणी सोडायचं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवा म्हणून कुणी कुणाला कितीदा सांगायचं, कुठल्या गल्लीला रात्री दोन वाजता उठवायचं, हे माणसं ठरवतात. दोन-दोन रात्री न झोपलेली माणसं. साहेबांना आवडणार नाही असा आकडा वर कळवायला फार धैर्य लागतं. मी तो आकडा हातात धरून उभा राहिलोय आणि हात थरथरलाय.

तुम्ही "सुबुद्धी दे" म्हणता ते बरोबरच आहे. पण मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, त्या माणसाला झोप दे आणि खरं बोलायची हिंमत दे. ताई, अशी नेमकी प्रार्थना कुणी करतंय हे त्या रात्री कळलं असतं तर मला खूप बळ आलं असतं.

प्रतिसाद: मूळ लेखिका

बंधारा काका, तुमचा प्रतिसाद मी आईला दोनदा वाचून दाखवला. तिने डोळे पुसले. अधिकारी म्हणजे एक माणूस असतो, हे मी त्या सात हेलपाट्यांत विसरले होते.

कृष्णाकाठ दादा, एक राहिलं. त्या कारकुनाचं काय करू? त्याला क्षमा करायची म्हणजे अर्जाचा विषय सोडून द्यायचा का? घरात सगळे म्हणतात, आता विसर.

प्रतिसाद: कृष्णाकाठ, सांगली

मुळीच सोडायचा नाही. लूक १८ मधली विधवा आठवा. न्यायाधीश असा की देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. ती त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते, "माझा न्याय करा." आणि प्रभूने हा दाखला कशासाठी सांगितला? सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून. प्रार्थना आणि हेलपाटा त्या एकाच बाईत आहेत. तुम्ही सात वेळा गेलात, तीही तशीच गेली असणार.

म्हणून आठव्यांदाही जा, पण त्याच टेबलापाशी नको. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, तिथे लेखी अर्ज द्या. आधी केलेल्या अर्जांच्या पोहोच पावत्या आणि निवारा केंद्रात तुमची नोंद असेल तर तिची प्रत जोडा. यादी कशी झाली, कुलूपबंद घरांचं काय केलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. इतकी वर्षं उलटल्यावर पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण पुढच्या पुरात कुलूप बघून माणसं परत फिरू नयेत, यासाठी तो अर्ज कागदावर असायला हवा.

आणि प्रार्थनेत काय मागायचं म्हणाल तर स्तोत्र ७२ उघडा. ती राजासाठीचीच प्रार्थना आहे. त्यात काय मागितलंय? त्याने दीनांचा न्याय करावा, गरिबाच्या लेकरांना तारावं, जुलूम करणाऱ्याला चिरडावं. दावीद राजाचं चुकलं तेव्हा संदेष्टा नाथान त्याच्या तोंडावर "तो मनुष्य तूच आहेस" म्हणाला. अशी माणसं राज्यकर्त्यांजवळ असावीत हे मागणंही त्यांच्यासाठीच मागणं आहे. जिथे आज्ञा देवाच्या विरुद्ध जाते तिथे प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहेच, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. प्रार्थना करणारा माणूस आंधळा समर्थक होत नाही.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरतात. तीमथ्याच्या त्या वचनात विनंत्या, प्रार्थना आणि मध्यस्थी यांच्यासोबत उपकारस्तुतीही आहे. तुम्ही आभार कशाचे मानणार, तेही शोधा. रागात असताना हाच भाग मला सगळ्यांत जड जातो.

प्रतिसाद: मूळ लेखिका

काल रविवार होता, म्हणून कळवते.

आभार शोधायला तीन दिवस लागले. मग आईनेच आठवण करून दिली. २०२१ ला आम्हाला होडीत घेणारा जवान. आईचा गुडघा वाकत नव्हता, तर तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि आपल्या खांद्यावर हात ठेवायला लावून तिला आत बसवलं. तोही सरकारचाच माणूस होता. मला इतकी वर्षं फक्त टेबलामागचा आठवत राहिला.

वहीत लिहून नेलेली प्रार्थना जशीच्या तशी देते:

"प्रभू, पुरात आम्हाला बाहेर काढणाऱ्या हातांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे या आठवड्यात जे कागद येतील ते नीट वाचायला त्यांना वेळ आणि धीर दे. धरणावर आणि नियंत्रण कक्षात रात्रपाळीला असणाऱ्यांना विश्रांती दे, आणि नको असलेला आकडाही खरा सांगायची हिंमत दे. पंचनाम्याला गेलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं, तर शेजारी विचारायचं त्याच्या मनात घाल. आमचे मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांना दीनांचा न्याय करायला शिकव. ते चुकतील तेव्हा त्यांना तोंडावर सांगणारं माणूस त्यांच्याजवळ ठेव. आणि कार्यालयात टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाला, समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसू दे."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. दोन मिनिटं थांबावं लागलं, कुणी काही बोललं नाही.

फाटकापाशी दादा होते. म्हणाले, "नाव घेतलं न्हाईस ते बरं केलंस. कुलपाचं म्हनलीस ते आमच्याबी घराचं हाय." त्यांचंही घर यादीतून राहिलंय, हे मला पाच वर्षांत ठाऊक नव्हतं. येत्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं मिळून अर्ज द्यायला जाणार आहोत. आजींनी फक्त डोक्यावरून हात फिरवला.

अजून एक विचारायचं आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा. मतदानाच्या आदल्या रविवारी उमेदवारांसाठी प्रार्थना करावी का? पद अजून कुणाचंच नसतं, आणि नावं घ्यायची नाहीत असं तर आमचं आता ठरलंय.