मदत हवी आहे: डोंबिवली पूर्वेला रात्रभर गाडी कुठे लावता?

नमस्कार मंडळी, नुकतेच फडके रोडजवळ राहायला आलोय. इमारत जुनी, आवारात चारचाकीला जागाच नाही. गल्लीत पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी, एवढं कळलं. पण रात्री बाराला तारीख बदलते, तेव्हा उठून गाडी हलवता का? की सकाळी लवकर हलवली तरी चालते? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडी लांब लावणं खरंच जमत नाही. जवळपास महिन्याच्या भाड्याने जागा मिळते का, साधारण किती घेतात? दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गर्दी उसळते, तेव्हा गाडी आदल्या रात्रीच बाहेर काढावी लागते का? आणि हो, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, तेही सांगा.