नमाज पढली की दिल आपोआप साफ होतं?

खाडीकाठचा
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "दिलाची सफाई, नफ्सशी (आतल्या हावरट मनाशी) झगडा, हे सगळं सूफ्यांनी मागाहून घुसवलेलं. पाच वक्त नमाज पढा, रोजे ठेवा, हराम टाळा. दिल आपोआप साफ होतं." खाली माशाअल्लाहचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण तो 'आपोआप' काही घशाखाली उतरेना.

आमच्या मोहल्ल्यात दोन भाऊ आहेत. दोघेही नमाजेत पहिल्या सफेतले (रांगेतले). बापाच्या आंब्याच्या कलमांवरून बोलणं बंद, ते बापाच्या चाळिसाव्यापासून. एकाच इमामामागे उभे राहतात, मध्ये चार माणसं सोडून. सलाम फेरताना उजवीकडचा डावीकडे मान वळवतो ती भावाच्याच दिशेला, पण नजर चटईवर. हे काय आपोआप साफ व्हायचं?

कुरआनच्या सूरह (अध्याय) शम्समध्ये अल्लाहने एकामागून एक कसमा खाल्ल्यात, आणि त्या कशासाठी, तर ज्याने नफ्स पाक केला तो तरला हे सांगायला. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) सगळ्यांनी ऐकली असेल, कयामतला पहिला निवाडा तिघांचा: शहीद, कुरआन शिकून शिकवणारा आलिम (विद्वान), सढळ हाताने देणारा. तिघेही जहन्नममध्ये, कारण तिघांनी केलं ते लोकांनी वाहवा करावी म्हणून. या तिघांना कोणी बेनमाजी म्हणेल का? रोग इबादतीतच (उपासनेतच) शिरतो, तिथे नुसती इबादत वाढवून काय होणार? रिया (दिखावा), किब्र (गर्व), हसद (मत्सर) ओळखायला शिकावं लागतं, कोणीतरी शिकवावं लागतं. इमाम गझालींनी आपल्या 'इह्या' या मोठ्या ग्रंथाचा अख्खा तिसरा चतुर्थांश, म्हणजे 40 पैकी 10 किताबं, यावर खर्च केली ती उगाच नाही.

भिवंडीचा मोमीन
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलायचं होतं.

तुम्ही सूरह शम्स आणलीत, मी सूरह नज्म आणतो, आयत 32: स्वतःला पाक ठरवत बसू नका, कोण परहेजगार ते त्याला माहीत. आणि नमाज बेहयाई आणि बुराईपासून रोखते हे सूरह अन्कबूतमध्ये आहे, माझ्या घरचं नाही. तुमच्या दोन भावांची नमाज रोखत नसेल तर नमाजेत खोट आहे. ती दुरुस्त करा, पीर कशाला शोधता?

'इह्या'चं म्हणाल तर त्यातल्या जईफ (कमजोर) हदिसा दाखवायला हाफिज इराकींना वेगळी किताब लिहावी लागली. आणि "कोणीतरी शिकवावं लागतं" याचा अर्थ आमच्या घराने भोगलाय. मामांनी एका पीरसाहेबांच्या हातावर बैअत केली, म्हणजे त्यांचे मुरीद (शिष्य) झाले. आधी नजराणा, मग उर्ससाठी देग, मग खानकाहचा (पीरांच्या मठाचा) स्लॅब. यंत्रमाग विकले. किब्र गेला का? छे. आधी मागांचा होता, आता अमक्या सिलसिल्याचे (सूफी परंपरेचे) मुरीद असल्याचा आहे. मामी अजून लोकांचे कपडे शिवते.

नांदेडचे मास्तर
मोमीनभाई, मामांचं वाईट वाटलं. पण भोंदू पीर निघाले म्हणून विषय खोटा ठरत नाही. सूफ्यांवर कडक कोरडे ओढले ते आलिम इब्न जौजींनी. त्यांनीच 'इह्या'तल्या कमजोर हदिसा गाळून त्याचा संक्षेप केला, फेकून दिला नाही. दर्ग्यांचे कट्टर विरोधक इब्न तैमियांनी दिलाच्या रोगांवर लिहिलंय, त्यांचे शागीर्द इब्न कय्यिम यांनी तर हेरातच्या अन्सारी सूफींच्या पुस्तकावर भलंमोठं भाष्य केलं. आता यांनाही दर्ग्यावाले म्हणा.

आणि गझालींची गोष्ट पूर्ण सांगा. 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशात सगळ्यात मानाची जागा. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपण शिकवतो त्यात अल्लाहपेक्षा नावाची हाव जास्त आहे असं दिसलं. सहा महिने घालमेल, शेवटी वर्गात जीभच उचलेना. नोकरी सोडून दमिश्क (दमास्कस) गाठलं. एवढ्या मोठ्या आलिमाला नुसतं इल्म (ज्ञान) पुरलं नाही, तुम्हाआम्हाला 'आपोआप' पुरणार!

चिपळूणकरीण
मोठमोठी नावं चाललीत म्हणून मधे बोलते. रियाच बघायची तर रमजानच्या रेशनकिटचा फोटो बघा. अब्बा गेले त्या वर्षी अम्मी किट घ्यायला गेली. तेल, साखर, डाळ, खजुराचं पाकीट. मागे बॅनर, बॅनरवर पाच जणांचे फोटो. अम्मीला सांगितलं, नकाब जरा वर करा, पिशवी छातीजवळ धरा. एक फोटो हलला म्हणून पुन्हा उभी केली. संध्याकाळी तो सगळ्या ग्रुपवर. माझ्या भावाच्या वर्गातल्या पोराने तो त्याला दाखवला. त्याने ते खजूर तोंडात घातले नाहीत.

गझाली, इब्न कय्यिम राहू द्या. आधी हे बंद करा.

दोहावाला
ताई, तुमच्या अम्मींचं झालं ते चूक. पण दुसरी बाजूही ऐका. इथे आम्ही उन्हात राबून जकात (गरिबांसाठीचं सक्तीचं दान) पाठवतो. एक वर्ष "फोटोबिटो नको, अल्लाह बघतोय" म्हणून भरवशावर पैसे दिले. गावी गेलो तर ज्यांची नावं यादीत होती त्यातल्या दोन घरांना किट माहीतच नाही. ट्रस्टींच्या गच्चीवर मात्र नवे पत्रे. तेव्हापासून फोटो नाही तर पैसा नाही.

कुरआननेही उघड दिलेल्या सदक्याला (दानाला) चांगलंच म्हटलंय, सूरह बकरा, आयत 271. आणि लोकांच्या भीतीने नेक काम सोडणं हीच रिया, असं जुने सूफी फुदैल बिन इयाज सांगून गेलेत. प्रत्येक फोटोवाल्याच्या दिलात काय आहे ते तुम्ही बघून आलात का?

चिपळूणकरीण
271 अर्धीच वाचलीत. पुढे आहे, लपवून गरिबाला दिलं तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं. आणि सात आयती मागे या, 264: उपकार दाखवून आणि दुखवून आपला सदका बरबाद करू नका. तुमच्या दिलात काय आहे ते मला नाही बघायचं. ज्याला दिलं त्याला दुखलं की नाही, एवढंच त्या आयतीत आहे. आणि दुखलं.

तुमच्या ट्रस्टीने पत्रे घातले त्याचा हिशेब माझ्या अम्मीच्या तोंडावरून का घेता? ट्रस्टीला धरा ना. त्याला धरायची हिंमत नाही, विधवेला कॅमेऱ्यासमोर उभं करायची आहे.

दोहावाला
हिंमतीचं मला सांगू नका. आठ जणांच्या खोलीत राहून पैसे पाठवतो. फुकटात बोलणं सोपं असतं.

चिपळूणकरीण
बघा, निघालाच उपकार बाहेर. 264.

वारीवाला पोऱ्या
मी मुसलमान नाही, वाचत होतो. आमच्याकडेही दिंडीला फराळ वाटणाऱ्यांचे फ्लेक्स फराळापेक्षा मोठे असतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादरी सिलसिल्याचे आणि मराठी संतही. त्यांचा 'योगसंग्राम' म्हणजे मनातल्या शत्रूंशी लढाईच की. मग बाहेरून घुसवलेलं कसं?

भिवंडीचा मोमीन
हेच! सगळं एकात कालवायचं. म्हणूनच मी सूफी नको म्हणतो.

नांदेडचे मास्तर
पोराने साधा प्रश्न विचारला, त्याच्यावर कशाला डाफरता? राग हाही त्या दहा किताबांत आहे, सवडीने वाचा.

रियावरून आठवलं. नवव्या शतकात इराणातल्या निशापूरला मलामती नावाचे सूफी होते, हम्दून कस्सार त्यांच्यातले. आपली नेकी लपवायची, लोकांनी नावं ठेवली तर ठेवू द्यायची. आजच्या स्टेटसवाल्यांना तिथे महिनाभर पाठवायला हवं.

भिवंडीचा मोमीन
आणि मग मलामती असल्याचं स्टेटस टाकतील. नेकी लपवण्याचीही शान मिरवता येते, मास्तर. म्हणून मी म्हणतो, आत फार खोदू नका. फर्ज (सक्तीची इबादत) अदा करा, बाकी अल्लाहवर सोडा.

बरं, ताईंच्या फोटोचं मान्य. ते साफ हराम आहे की मकरूह (नुसतं नापसंत) ते मुफ्ती बघतील, पण माणुसकी नाही. ते दोन भाऊही मान्य. खुश? पीर मात्र मान्य नाही.

खाडीकाठचा
माझा धागा किटवाल्यांनी पळवला, हरकत नाही. पण पीर हा शब्द मी लिहिलाच नव्हता, तो तुमच्या मामांकडून आला. उत्तर प्रदेशातल्या थाना भवनचे मौलाना अशरफ अली थानवी यांना लोक पत्रातून आपले ऐब (दोष) कळवायचे, मला जळायला होतं, मला राग आवरत नाही, आणि ते एकेका ऐबाचा इलाज लिहून पाठवायचे. ना देग, ना स्लॅब. असा कोणी विचारायला असावा एवढंच म्हणतोय. दोस्त चालेल, थोरला भाऊ चालेल. आमच्या त्या दोघांना तर भाऊ चार माणसांवर उभा आहे.

दोहावाला
भाऊ, थानवी गेले 1943 ला. आज असा माणूस दाखवा, मीही पत्र लिहितो. आणि फोटोचं म्हणाल तर भरलेल्या पिशव्यांचे काढा, माणसांचे नको, किराणावाल्याचं बिल मशिदीच्या बोर्डावर लावा. मला चालेल. ट्रस्टींना चालेल का ते विचारा.

चिपळूणकरीण
बिल लावा. आणि त्याच बोर्डावर देणाऱ्यांची नावं रकमेसकट लावलेली असतात, ती उतरवा. मग पुढच्या रमजानला किती किट येतात ते बघू.

दोहावाला
नावं उतरवली तर निम्मे येतील.

चिपळूणकरीण
निम्म्यात भागवू.