विषय: उत्तर: नाशिकला आईंची केमो आणि काढ्यावरून चाललेली चर्चा

नमस्कार मंडळी,

आपल्यातल्या एका ताईंच्या आईंची नाशिकला केमो (कॅन्सरवरची औषधं) चालू आहे. त्यांना सोबत आयुर्वेदिक काढा द्यावा की नाही, यावर बरंच लिहून झालं. काढा द्या म्हणणारे अडाणी नाहीत आणि नको म्हणणारे निष्ठुर नाहीत. पण काढ्यात काय आहे आणि केमो कोणती चालू आहे, हे एकाही मेलमध्ये कुणी विचारलं नाही. ते कळल्याशिवाय ‘घ्या’ म्हणणं आणि ‘घेऊ नका’ म्हणणं सारखंच घाईचं.

गुळवेलीचंच घ्या. ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही. मात्र पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन यांसारखी केमोची औषधं मुख्यतः यकृतातूनच बाहेर पडतात, यावर वाद नाही. रक्तातलं बिलिरुबिन (यकृताचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलं की डोस कमी करावा लागतो किंवा सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, लांबते. ते केमोमुळे वाढलं की काढ्यामुळे, हे डॉक्टरांना ओळखता येत नाही, कारण काढ्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आपण टिंगल केली तर काढा बंद होत नाही, तो लपून चालू राहतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

म्हणून बाटलीच्या लेबलचा फोटो काढा. सोबत मात्रा, वेळ आणि कधीपासून चालू आहे ते लिहा. त्याला केमोच्या कार्डाचा फोटो जोडा आणि हे सगळं ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) व वैद्य दोघांनाही द्या. लेबल नसलेली पुडी किंवा भस्म मात्र बाजूलाच ठेवा. त्यात शिसं किंवा पारा असू शकतो आणि किती आहे ते कळायला मार्ग नाही. वरणातल्या हळदीला हरकत नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी: त्यांत बहुधा मिरीतलं पायपरिन असतं आणि ते यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांचं काम मंद करतं. मायलोमासाठी (अस्थिमज्जेतला एक कॅन्सर) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ग्रीन टीचा अर्क नकोच. प्रयोगशाळेत त्याने औषधाचा असर अडवलेला दिसला आहे.

– आरोग्य समितीची ताई

–––––

ताई, नमस्कार.

लेबल आणि कार्डाची नोंद दोघांनाही द्यायचं पटलं. पण वैद्यांकडे जाणारा माणूस दर वेळी कॅन्सर बरा करायला जात नाही. भूक लागावी, झोप यावी, एवढ्यासाठीही जातो. त्याला ‘विज्ञान वाचा’ असं उत्तर देऊ नये.

दुसरं, मेलमध्ये सारखं येतं की ‘आईंना मुंबईला हलवा’. पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाला नाशिकरोडहून गर्दीच्या गाडीत बसवण्याआधी कागद हलवा. सेकंड ओपिनियनसाठी बायोप्सीचा रिपोर्ट, आयएचसी (त्याच तुकड्यावरची कॅन्सरचा प्रकार ओळखायची तपासणी), स्कॅनची सीडी आणि आधीच्या केमोचा तपशील लागतो. बायोप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि तो जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबकडे लेखी अर्ज केल्यावर मिळतात. एप्रिल-मेच्या उन्हात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. टाटा मेमोरियलला जाणारे हेच कागद नेतात. बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये या कामाला आठवडा-दोन आठवडे लागले तरी चालतं. अक्यूट ल्युकेमियात (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) थांबून चालत नाही, तिथे उपचार आधी.

– नाशिकहून, काका

–––––

काका, झोप-भुकेचं मान्य. यापुढे समितीच्या उत्तरात ‘काढा कशासाठी हवा आहे?’ हा प्रश्न पहिला असेल.

एका ठिकाणी मात्र मतमतांतराला जागा नको, आणि ते म्हणजे ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्र असली तरी फोन करून दवाखाना गाठायचा. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहिली की खूण झाकली जाते आणि संसर्ग आत वाढत राहतो. मिसळीवरूनही वाद झाला, तर थोडक्यात: कच्ची मोडाची मटकी नको, पूर्ण शिजलेली उसळ चालेल. तोंड आलं असेल तर तर्री सोसणार नाही.

शेवटच्या मेलमधल्या आजोबांना चौथी केमो नको आहे. त्यांना ‘हार मानू नका’ असं कुणी लिहू नये. ही केमो बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी, आणि त्यातून किती फायदा मिळण्याची शक्यता आहे, हे डॉक्टरांनी त्यांना स्वतःला सांगितलं आहे का, एवढंच विचारावं. सांगितलं असेल तर निर्णय त्यांचा. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फीनची भीती बाळगू नका. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते मिळवण्याचे नियम सुटसुटीत झाले आहेत. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध (रेचक) लिहून घ्या, नाहीतर बद्धकोष्ठ होऊन घरचे मॉर्फीनच बंद करतात.

पहिली मेल लिहिणाऱ्या ताई, केमोचं नाव, शेवटच्या सायकलची तारीख आणि एसजीपीटी-बिलिरुबिनचे (यकृताच्या तपासणीचे) आकडे काढून ठेवा. ते सगळ्यांना पाठवू नका, फक्त समितीला द्या. डॉक्टरांना दाखवायचा तक्ता आम्ही करून देऊ.

– आरोग्य समितीची ताई