छोटूला आलेलं आमंत्रण

बेबीआत्या: मंडळी, फुलांचे फोटो जरा थांबवा. छोटूला लिंक्डइनवर एका बाईचा मेसेज आलाय. बीजिंगला परिषद, जाण्यायेण्याचा-राहण्याचा खर्च त्यांचा. शिवाय दर महिन्याला एक ‘छोटासा रिपोर्ट’ लिहायचा, त्याचे पैसे वेगळे. हा हुरळलाय. मला लक्षण ठीक दिसत नाही.

नानाकाका: चीन!!! मी गेल्या वर्षीच सांगत होतो. पुन्हा टाकतो.

नानाकाका: *फॉरवर्डेड: परदेशी पैसा एकाच दिशेने येतो. जागे व्हा. दहा जणांना पाठवा.*

दादा: आत्या, तुझी शंका रास्त आहे. सिंगापूरचा एक पीएचडीचा विद्यार्थी असाच अडकला. २०१५ मध्ये बीजिंगला भाषण द्यायला गेला, तिथे ‘थिंक टँकवाले’ भेटले, राजकारणावर रिपोर्ट लिही म्हणाले. पुढे हाच खोट्या कन्सल्टन्सीच्या नावाखाली अमेरिकन अधिकाऱ्यांना गाठू लागला. २०२० ला अमेरिकेतल्या कोर्टात गुन्हा कबूल केला, १४ महिने आत.

बेबीआत्या: अगं बाई!

मामा: पण छोटूकडे कसली गुपितं? त्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही 😂

दादा: मामा, सुरुवातीला गुपितं कोण मागतंय? पेपरात छापून आलेल्यावरच लिहायला सांगतात. पैशाची आणि कौतुकाची सवय लागली की पुढचं. आज संशोधक, उद्या एखाद्या खासदाराचा सल्लागार. २०१७ मध्ये जर्मनीच्या गुप्तचर खात्याने सांगितलं होतं, १०,००० हून जास्त जर्मनांना चिन्यांनी लिंक्डइनवरून असं गाठलं.

नानाकाका: *फॉरवर्डेड: परदेशी पैसा एकाच दिशेने येतो…*

चिनूताई: नाना, एकाच दिशेने? १९४८ मध्ये इटलीच्या निवडणुकीत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, सीआयएने, ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना पैसा पुरवला. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या लेखक-विचारवंतांच्या संघटनेच्या परिषदा, मासिकं, सगळं त्यांच्या पैशावर. १९६७ ला पुरतं बिंग फुटलं. लिहिणाऱ्या कित्येकांना पत्ताही नव्हता की मानधन कुठून येतं.

नानाकाका: तुझा अमेरिकेवर राग व्हिसा नाकारल्यापासूनचा आहे. चालू दे.

चिनूताई: व्हिसा मध्ये आणायचं कारण? प्लॉटच्या वेळीही तुम्ही हेच केलंत.

अण्णा: प्लॉट इथे नको. ठरलंय ना आपलं?

वहिनी: फॉरवर्डवरून आठवलं. १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ दैनिकात निनावी पत्र आलं, एड्स अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला म्हणून. सोडलेली पुडी केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्तचरांची. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिकाने ‘भारतीय पेपरात आलंय’ असा हवाला देऊन तेच छापलं आणि मग जगभर झालं. १९९२ ला रशियाच्याच गुप्तचर प्रमुखांनी, प्रिमाकोव्हनी, कबुली दिली. ‘दहा जणांना पाठवा’ न लिहिताही पोचलं हो.

मामा: 😂😂 नाना, हजर व्हा.

नानाकाका: मी वयाने मोठा आहे एवढं तरी भान ठेवा.

वहिनी: तुम्हाला नव्हतं हो म्हटलं 🙏

अण्णा: मग काय, बाहेर जायचंच नाही? वकिलाती शिष्यवृत्त्या देतात, ती काय हेरगिरी?

दादा: नाही अण्णा. कोण देतंय ते उघड असलं तर ती मुत्सद्देगिरी. खोट इथे आहे की देणारा लपलेला असतो. अमेरिकेत नाझी प्रचारामुळे १९३८ मध्येच कायदा आला: परक्या सरकारसाठी राजकीय काम करता, तर नोंदणी करा. ऑस्ट्रेलियाने २०१८ ला केला, तोही चिनी देणगीदाराच्या प्रकरणात एका सिनेटरला पायउतार व्हावं लागल्यावर. छोटूला म्हणावं, पैसे कुणाच्या खात्यातून येणार ते लेखी माग.

छोटू: आई, मीही आहे ग्रुपवर. विचारलं कालच. म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी तुमच्या संशोधनाच्या गाइडशी ओळख करून द्या.

बेबीआत्या: गाइडशी कशाला?

दादा: तुझे गाइड मंत्रालयाच्या कुठल्याशा समितीवर आहेत ना?

छोटू: हो.

दादा: बाकीचं इथे लिहू नकोस. फोन कर.