चर्चचा हॉल पाडायचा की नाही? (आपला फॅमिली ग्रुप)

नेल्सन: उद्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) हात वर करायला लावा, विषय संपवा. पत्रे गळतात, स्टेजची फळी मोडलीय. पाडा आणि नवीन बांधा.

मेरीआत्या: हात वर करणार पुढच्या बाकांवरचे. दाराशी उभ्या पोरांना कोण विचारतंय? बाबांनी वाडीतली केळी विकून वर्गणी भरली होती त्या हॉलला.

बावतीसकाका: मतदान नाही. फादर म्हणाले, प्रार्थना करून देवाची इच्छा ओळखायची.

नेल्सन: म्हणजे फादरांची इच्छा 😀

ग्लोरिया: नाही रे दादा, याला रीत आहे. 1539 मध्ये रोमला संत इग्नेशियस आणि त्याच्या सोबत्यांपुढे प्रश्न होता, आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहायचं का? दिवसा नेहमीची कामं आणि प्रार्थना, रात्री बैठक. बाहेर एकमेकांना पटवायला जायचं नाही. एका दिवशी सगळ्यांनी फक्त अडचणी मांडायच्या, दुसऱ्या दिवशी फक्त फायदे. ज्याला हवंय त्यालासुद्धा विरोधातलं बोलावं लागायचं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. त्यातूनच येशूसंघ, म्हणजे जेझुइट फादरांचा संघ, उभा राहिला.

नेल्सन: ते मूठभर होते. आपला अख्खा गाव.

ग्लोरिया: 2023 च्या सिनडला, म्हणजे पोपनी बोलावलेल्या चर्चच्या सभेला, रोममध्ये शेकडो लोक होते. गोल टेबलं लावली. आधी प्रत्येकाने आपलं सांगायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याचं काय मनाला भिडलं तेवढंच सांगायचं. चर्चा त्यानंतर.

नेल्सन: आणि शेवटी मतदान! एकेका परिच्छेदावर, दोन तृतीयांश. वाचलंय मी.

ग्लोरिया: झालं ना. पण ऐकून घेतल्यावर.

नेल्सन: आणि चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 536 प्रमाणे पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या चर्चचं मंडळ, नुसतं सल्लागार. फादरांना नाही पटलं तर?

बावतीसकाका: तो मुद्दा खरा आहे. म्हणून आधीच विचारू, सगळ्यांचं एकमत झालं तर फादर मानणार का. नाहीतर गुडघे टेकायला लावून फसवल्यासारखं होईल.

मेरीआत्या: नेल्सन, तू पाडायच्या बाजूचा ना? मग आता विरोधातलं एक तरी सांग.

नेल्सन: 🙄

नेल्सन: भाडं वाढेल. आज गरिबाघरचं बारसंसुद्धा होतं तिथे. नव्या एसी हॉलमध्ये नाही होणार.

मेरीआत्या: हे बोल ना उद्या!

नेल्सन: बोलतो. पण तूपण पाडायच्या बाजूने एक कारण आण. आणि बाबांची केळी मध्ये आणायची नाहीत.

मेरीआत्या: बघते.